मायग्रेन: ‘पित्ताचे डोके’ म्हणून अंगावर काढला जाणारा आजार

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत आहे. इथे प्रामुख्याने रसायनांचे कारखाने आहेत. खेड, चिपळूण आणि आजूबाजूच्या गावांतून माणसे पाळ्यांमध्ये कामावर येतात. अशा ठिकाणी ‘आज वासाने डोकं उठलं’ ही तक्रार नवी नाही.

पण प्रत्येक डोकेदुखी सारखी नसते. एखादी चहा घेऊन, जरा पडून थांबते. एखादी माणसाला दोन दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवते. आणि एखादी वायुगळतीची पहिली खूण असते. या तिन्हींत फरक करता आला पाहिजे. त्यासाठी आधी मायग्रेन म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे.

नाव नवे, आजार जुना

मराठीत मायग्रेनला अर्धशिशी म्हणतात, म्हणजे अर्धे डोके दुखणे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तो ‘अर्धावभेदक’ या नावाने येतो. ‘मायग्रेन’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही अर्थ ‘अर्धी कवटी’ असाच आहे. मात्र नावात अर्धे असले तरी दुखणे नेहमी एकाच बाजूला असते असे नाही. अनेकांचे दोन्ही बाजूंनी दुखते, मानही दुखते.

जगभरात १०० कोटींहून अधिक लोकांना मायग्रेन आहे. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते. बंगळुरू आणि परिसरातील शहरी-ग्रामीण प्रौढांच्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के निघाले, म्हणजे साधारण चारांत एक. तरीही ‘डोकंच तर दुखतंय’ म्हणून बहुतेक जण तो अंगावर काढतात.

मायग्रेन कसा ओळखतात?

मायग्रेन दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. तो रुग्णाच्या सांगण्यावरून ओळखला जातो. डॉक्टर साधारणपणे या गोष्टी पाहतात:

- असे झटके निदान पाच वेळा आलेले असणे.
- उपचार न केल्यास दुखणे ४ ते ७२ तास टिकणे.
- पुढील चारपैकी दोन खुणा: एका बाजूला दुखणे, ठणके मारणे, दुखणे मध्यम ते तीव्र असणे, चालण्याने किंवा जिना चढण्याने वाढणे.
- सोबत मळमळ किंवा उलटी. किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणे.

काहींना दुखणे सुरू होण्याआधी ‘ऑरा’ दिसतो. डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येतात, नजरेचा एक भाग झाकोळतो, हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात. हे ५ ते ६० मिनिटे टिकते आणि जाते. पहिल्यांदा असे झाले की माणूस घाबरतो आणि ते साहजिक आहे. पहिला ऑरा डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे, कारण पक्षाघाताची सुरुवातही अशी वाटू शकते.

डोकेदुखीच्या आदल्या दिवशीच काहींना सतत जांभया येतात, गोड खावेसे वाटते किंवा चिडचिड होते. दुखणे थांबल्यावरही दिवसभर अंगात त्राण नसते. त्यामुळे दुखण्याचे तास सहा असले तरी हातचा वेळ दोन दिवसांचा जातो.

मेंदूत नेमके काय होते?

मायग्रेन हा मज्जासंस्थेचा आजार आहे. त्याचा कल अनेकदा घराण्यातून येतो. आई किंवा आजीचेही ‘डोके धरायचे’ असे बरेच रुग्ण सांगतात.

चेहरा, कपाळ आणि मेंदूचे आवरण यांच्या संवेदना ‘ट्रायजेमिनल’ नावाची नस वाहून नेते. झटका येतो तेव्हा ही नस उद्दीपित होते आणि तिच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे रसायन सुटते. त्यामुळे आवरणातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचे संदेश वाढतात. या रसायनाची भूमिका उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. ऑराचे कारण वेगळे आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरून हळूहळू सरकणारी एक विद्युत लाट त्यामागे असते. तिचे वर्णन आरिस्तिदिस लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाने १९४४ मध्ये केले होते.

वासाने डोके का उठते?

मायग्रेन असलेल्या अनेकांना झटक्यात वास सहन होत नाहीत. फोडणी, अत्तर, अगरबत्ती, रंग, पेट्रोल, फिनेल, काहीही चालत नाही. शिवाय काहींमध्ये तीव्र वासामुळेच झटका सुरू होतो. याला शरीरशास्त्राचा आधार आहे. नाकाला झोंबणारी द्रव्ये ट्रायजेमिनल नसेच्या टोकांवरील एका ग्राहकाला चेतवतात आणि त्यातून सीजीआरपी सुटते. फॉर्माल्डिहाइड हे अशा द्रव्यांपैकी एक. कॅलिफोर्नियात तर ‘डोकेदुखीचे झाड’ म्हणून ओळखला जाणारा एक वृक्ष आहे. त्याच्या पानांतील द्रव्यही याच मार्गाने काम करते असे संशोधनात दिसले.

कारखाना आणि डोकेदुखी यांचे एक जुने उदाहरण नायट्रोग्लिसरीनचे आहे. १८४७ मध्ये ते तयार करणाऱ्या अस्कानियो सोब्रेरो यांनीच नोंदवले होते की, त्याचा कण जिभेला लागला तरी डोके भयंकर दुखते. पुढे डायनामाइटच्या कारखान्यांत कामगारांना सोमवारी डोकेदुखी व्हायची, आठवड्यात शरीर सरावायचे आणि सुट्टीनंतर पुन्हा तेच. आज संशोधक मायग्रेनचा झटका मुद्दाम घडवून अभ्यासण्यासाठी हेच द्रव्य वापरतात. मायग्रेन असलेल्या व्यक्तीला ते दिल्यावर काही तासांनी खराखुरा झटका येऊ शकतो.

लोट्यातील प्रदूषणाची दखल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात घेतली होती. तिथला मुख्य प्रश्न पाण्याचा आणि दाभोळ खाडीतील मासळीचा होता. मायग्रेनच्या रुग्णासाठी अशा वसाहतीत हवेतला वासही महत्त्वाचा ठरतो. मात्र एक गोष्ट स्पष्ट हवी: वास हे मायग्रेनचे मूळ कारण नव्हे. ज्याला हा आजार आहे, त्याच्यासाठी तो झटक्याचे निमित्त ठरतो.

मायग्रेन की रसायनाची बाधा?

हा फरक जिवाशी निगडित आहे. कार्बन मोनॉक्साइड, सॉल्व्हंटच्या वाफा, अॅनिलिन, नायट्रोबेंझिन, हायड्रोजन सल्फाइड, या सगळ्यांच्या बाधेत डोकेदुखी आणि मळमळ होते. पुढील वेळी ‘माझे नेहमीचे डोके’ म्हणून गोळी घेऊन काम सुरू ठेवू नये:

- एकाच ठिकाणी काम करणाऱ्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले.
- मोकळ्या हवेत आल्यावर थोड्या वेळात बरे वाटते आणि आत गेल्यावर पुन्हा दुखते.
- सोबत गरगरणे, दम लागणे, गोंधळणे किंवा ओठ निळसर पडणे आहे.

अशा वेळी आधी सगळ्यांनी बाहेर पडणे, मग सुपरवायझरला कळवणे आणि १०८ ला फोन करणे हा क्रम ठेवावा. वास यायचा थांबला म्हणजे धोका टळला असे समजू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची क्षमताच जाते. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

कोणत्या रसायनावर काम चालले आहे हे जाणून घेणे हा कामगाराचा हक्क आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन हा हक्क आला. प्रत्येक रसायनाचे ‘एमएसडीएस’, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक असते. डॉक्टरांकडे जाताना त्याचा फोटो मोबाइलमध्ये असला तर निदान सोपे होते.

पाळी, उपास आणि ऊन

मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप कमी झाली तरी त्रास, सुट्टीच्या दिवशी जास्त झाली तरी त्रास. म्हणूनच रात्रपाळी जड जाते. पाळी बदलता येत नसेल तर निदान रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेची वेळ रोज एकच ठेवावी, खोली अंधारी करावी आणि पाळीत जेवणाची वेळ चुकवू नये.

उपाशी राहणे हे दुसरे मोठे निमित्त. हरतालिकेचा निर्जळी उपास, त्यात गणपतीच्या तयारीची धावपळ आणि जागरण, असे सगळे एकदम आले की ऐन चतुर्थीला अंथरूण धरण्याची वेळ येते. ज्यांना मायग्रेन आहे त्यांनी उपास करायचाच असेल तर पाणी, फळे, दूध यांची सवलत घेतलेली बरी. कोकणातला एप्रिल-मेचा उकाडा, घामाने कमी होणारे पाणी, दुचाकीवर डोळ्यांत जाणारे ऊन आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या आधी होणारी इस्ट्रोजेनची घट ही आणखी काही निमित्ते.

एकटे निमित्त बहुधा निभावते. दोन-तीन एकत्र आली की झटका येतो.

पित्त, सायनस, चष्मा: तीन चुकीचे पत्ते

मराठी घरांत मायग्रेनचे सर्वांत प्रचलित नाव ‘पित्त’ हे आहे. डोके दुखते, मळमळते, उलटी होते आणि उलटीनंतर अनेकांना बरे वाटते. त्यावरून ‘पित्त पडले, डोके उतरले’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात उलटी हा मायग्रेनच्या झटक्याचाच भाग आहे. झटक्यात पोटाची हालचाल मंदावते. त्यामुळे उशिरा घेतलेली गोळीही नीट शोषली जात नाही. वर्षानुवर्षे केवळ अॅसिडिटीची औषधे घेत राहिल्याने मूळ आजार तसाच राहतो.

सायनसचेही तसेच. स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या सुमारे ३,००० लोकांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात ८८ टक्क्यांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात बसली. चष्म्याचा नंबर तपासावा, पण नंबर बदलून ठणके आणि उलट्या थांबत नाहीत.

सुंठ उगाळून कपाळाला लेप लावणे, फडके घट्ट बांधणे याने काहींना बरे वाटते आणि त्यात नुकसान नाही. बामचा उग्र वास मात्र काहींचे दुखणे वाढवतो.

औषधे: दोन प्रकार, एक सापळा

पहिला प्रकार झटका थांबवण्याचा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारखी वेदनाशामके, सोबत मळमळीची गोळी आणि गरज पडल्यास ‘ट्रिप्टान’ गटातील औषध. हे औषध झटक्याच्या सुरुवातीलाच घेतले तर जास्त उपयोगी पडते. हृदयविकार असलेल्यांना ट्रिप्टान देत नाहीत, तर मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.

दुसरा प्रकार झटक्यांची संख्या कमी करण्याचा. महिन्यात चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट यांपैकी एखादे रोज घ्यायला देतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. ‘आठ दिवसांत फरक नाही’ म्हणून बरेच जण मध्येच सोडतात, तिथेच उपचार फसतो. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. गरोदरपणाची शक्यता असलेल्या स्त्रियांनी टोपिरामेट किंवा व्हॅल्प्रोएटबाबत डॉक्टरांशी आधीच बोलावे. ऑरा असलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळायला सांगतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. सीजीआरपीला रोखणारी नवी औषधे २०१८ पासून आली आहेत. ती प्रभावी असली तरी महाग आहेत.

सापळा आहे तो मेडिकलच्या काउंटरवर. साधी वेदनाशामके महिन्यात १५ दिवस किंवा अधिक, अथवा ट्रिप्टान आणि मिश्र गोळ्या १० दिवस किंवा अधिक, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की गोळीच डोकेदुखी टिकवू लागते. मग माणूस रोज सकाळी डोके धरूनच उठतो आणि पुन्हा गोळी घेतो. यातून सुटका होते, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी.

रोजचे जगणे

सर्वांत स्वस्त आणि उपयोगी साधन म्हणजे डोकेदुखीची डायरी. साध्या कॅलेंडरवर पुरते: कोणत्या दिवशी दुखले, किती तास, कोणती गोळी, आदल्या रात्री झोप किती, कोणती पाळी, जेवण चुकले का, कोणता वास आला, मासिक पाळी कधी. तीन महिन्यांत आपले निमित्त कोणते ते दिसू लागते. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत हे कॅलेंडर खूप काही सांगून जाते.

मायग्रेन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘नाटक करते’, ‘कामचुकार आहे’ असे शेरे येतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत मायग्रेन नाही. त्यामुळे सवलत मिळते ती बहुधा समजूतदारपणावरच. निदान लेखी असेल तर वरिष्ठांशी बोलणे सोपे जाते. झटक्यात नजर अंधारते आणि लक्ष लागत नाही, त्यामुळे उंचीवरचे काम, वाहन किंवा रिअॅक्टर त्या वेळी दुसऱ्याकडे सोपवणे सर्वांच्याच सुरक्षेचे आहे.

घरच्यांनी करायचे ते फार नाही. खोली अंधारी करावी, टीव्ही बंद ठेवावा, फोडणी जरा वेळाने द्यावी, पाणी आणि गोळी हाताशी ठेवावी. ‘आता कसं वाटतंय?’ हे दर दहा मिनिटांनी विचारू नये.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

- एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचलेली, आयुष्यातील सर्वांत भयंकर डोकेदुखी.
- ताप आणि मान ताठणे.
- हात-पाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, फीट येणे.
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा गरोदरपणात नव्याने आलेली तीव्र डोकेदुखी.

मायग्रेन कायमचा बरा करणारे औषध नाही. पण योग्य निदान, वेळेवर घेतलेली गोळी आणि नियमित झोप-जेवण यांनी बहुतेकांचे झटके कमी होतात. अनेकांमध्ये वय वाढते तसा तो ओसरतोही. ‘पित्ताचे डोके’ म्हणून दहा वर्षे काढलेल्या माणसाला आजाराचे खरे नाव कळले की उपचाराची वाट मोकळी होते.