गाणे घराण्याबाहेर कसे आले?

"सर, चित्रकलेच्या आणि गाण्याच्या तासाला मराठीचं व्याकरण घ्या ना. गाणंबजावणं काही आपलं नाही." वडखळमधल्या एका पालकांनी मला असे सुचवले. दहावीच्या मार्कांची काळजी त्यांच्या बोलण्यात होती, म्हणून राग आला नाही. पण "आपलं नाही" हे शब्द डोक्यातून जाईनात. खरेच आपले नाही का?

दीडशे वर्षांपूर्वी गाणे शिकायचे तर उस्तादांच्या घरी राहून त्यांची खिदमत करावी लागे. चीज ही घराण्याची मिळकत. ती मुलाला, पुतण्याला, जावयाला मिळे. परक्याला मिळेलच याची खात्री नसे. लिहून ठेवण्याची रीतही फारशी नव्हती.

हे दार उघडणाऱ्यांत एक मोठे नाव आहे उस्ताद मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांचे. उत्तरेतला हा गवई दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीतही शिकला. गाणे कागदावर उतरावे म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड तेव्हा बडोद्याचे महाराज होते. त्यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये तिथे गायनशाळा सुरू झाली आणि ती मौलाबक्षांनी चालवली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०१ मध्ये निघाले. बडोद्याची ती गायनशाळा आज तिथल्या विद्यापीठाचा भाग आहे.

पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. नाव ठेवले आर्य संगीत विद्यालय! त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांची कबर मिरजेला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे.

वाद्यांबाबत आपल्या उलेमांत मतभेद आहेत, हे मी जाणतो. ज्यांना ती नकोत त्यांनी हम्द-नात शिकवावी. पण तरन्नुममध्ये म्हणायलाही सूर सांभाळावा लागतो आणि उर्दू खुशखत लिहायला हात स्थिर लागतो. ते शिकवणार कोण?

आमच्या पेणच्या गणेशमूर्ती जगभर जातात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कारागिराचे मूल घरीच पाहत पाहत शिकते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले खासगी क्लासला जातात. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्या मुलांच्या हाती ब्रश येतो तो फक्त शाळेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा त्यांना तिथूनच देता येतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही सहावी ते आठवीत शंभरपेक्षा जास्त मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. हा तास आपण काढून घेतला, तर कला पुन्हा वारसदारांची आणि पैसेवाल्यांची होईल. मौलाबक्षांनी उघडलेले दार आपणच लावून घेतल्यासारखे होईल.

त्या पालकांना मी एवढेच म्हणालो, "भाई, व्याकरण मी शाळा सुटल्यावर घेतो. पण चित्रकलेचा आणि गाण्याचा तास राहू द्या. तो आपलाच आहे."