प्रोटोकॉलचे शिक्षण : पाठ्यक्रम आणि प्रयोगशाळा (कोथरूड परिसराच्या संदर्भात)

संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे याविषयीच्या लेखी करारांस आपण प्रोटोकॉल म्हणतो. हे करार विद्यार्थ्यास ग्रंथांतून कळले की यंत्रांच्या सहवासातून, हा प्रश्न वरकरणी शिक्षणशास्त्राचा वाटेल. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. या विद्येचा इतिहास कोणत्या साधनांवर विसंबून लिहावयाचा, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

कोथरूड येथील महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ साली स्थापन झाली. वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली, तेच हे वर्ष. त्याच वर्षी १ जानेवारीस अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे टीसीपी-आयपी या प्रोटोकॉलवर आले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आपला सात थरांचा ओएसआय आराखडा प्रसिद्ध केला. करारांच्या या दोन कुळांपैकी कोणते टिकणार, हे त्या वेळी कोणासही निश्चित सांगता आले नसते.

भारतात या स्पर्धेचा निकाल अर्नेटच्या अनुभवाने लागला. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९८६ साली आरंभिलेल्या या उपक्रमात मुंबईचे एनसीएसटी, बंगळूरची विज्ञानसंस्था व पाच आयआयटी सहभागी होत्या. भाड्याने घेतलेल्या तारांवर प्रारंभी दोन्ही कुळे एकत्र नांदत. १९९५ पासून मात्र जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी-आयपीवरूनच होऊ लागली. व्यवहारात हरलेले ओएसआय पाठ्यपुस्तकांत अढळ राहिले, आणि आजही सात थरांची नावे क्रमाने लिहिणे हा परीक्षेचा हुकमी प्रश्न आहे. हा आराखडा निरुपयोगी आहे असे नव्हे. विचारास शिस्त लावण्यास तो उत्तमच. परंतु केवळ प्रश्नपत्रिकांवरून निष्कर्ष काढणारा भावी संशोधक, पुण्यातील विद्यार्थी ओएसआयच चालवीत होते, असे खुशाल लिहून जाईल.

पुण्यात सी-डॅक १९८८ साली व तिची प्रशिक्षणशाळा १९९३ साली सुरू झाली. कोथरूडलगतच्या कर्वेनगरात मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ साली निघाले. त्या काळच्या प्रयोगशाळांत सर्रास आढळणारे जाळे म्हणजे पातळ समाक्ष केबलचे. तिच्या दोन्ही टोकांस पन्नास ओहमचा टर्मिनेटर बसवावा लागे. कोणी एक टर्मिनेटर काढला की संदेश टोकावरून परावर्तित होई आणि त्या तारेवरील एकूण एक यंत्र मुके होई. सर्वांत खालचा, भौतिक थर म्हणजे काय, हे ज्याने असा टर्मिनेटर शोधून परत बसविला त्यास व्याख्या पाठ करावी लागली नाही.

पुढे खाजगी पत्ते रूढ झाल्यावरचा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. एका यंत्रास १९२.१६८.१.१० हा पत्ता व २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यावा, दुसऱ्यास १९२.१६८.१.२०० हा पत्ता व २५५.२५५.२५५.१२८ हा मास्क. गेटवे कोणासही देऊ नये. पहिल्याच्या हिशेबी दुसरे शेजारीच आहे, म्हणून त्याने पाठविलेला पिंग सुखरूप पोहोचतो. दुसऱ्याच्या हिशेबी मात्र पहिले परगावचे! परगावची वाट ठाऊक नसल्याने उत्तर निघतच नाही. पडद्यावर दिसते ते एवढेच की उत्तर आले नाही. विद्यार्थी तार बदलतो, कार्ड बदलतो, आणि शेवटी दुसऱ्या यंत्रावर येणारी पॅकेटे पाहू लागतो. १९९८ साली इथेरिअल हे साधन विनामूल्य उपलब्ध झाल्यापासून (त्यासच २००६ पासून वायरशार्क म्हणतात) हे पाहणे सुलभ झाले. तेथे त्यास कळते की जाणे आणि येणे हे दोन स्वतंत्र प्रवास आहेत.

अशा शिक्षणाचा पुरावा कोठे शोधावा? विद्यापीठाच्या दप्तरात अभ्यासक्रम व गुणपत्रके मिळतील. प्रात्यक्षिकाची जर्नले त्यांहून जवळची खरी. पण ती अनेकदा मागील वर्षाच्या वहीवरून उतरविलेली असतात (हे शिक्षकांसही ठाऊक असते), आणि त्यांत प्रत्येक प्रयोग पहिल्याच खेपेस यशस्वी झालेला दिसतो. वर वर्णिलेला न येणाऱ्या उत्तराचा तासभर त्यांत कोठेही नसतो. तो असलाच तर कच्च्या वहीत असतो : खोडलेले पत्ते, समासात मांडलेली द्विमान बेरीज, तारेच्या आठ रंगांचा क्रम. सत्र संपले की या वह्या बहुधा रद्दीत जातात.