खोक्यावरचा ४४४५०५

वाशीमहून मेलबर्नला पाठवलेले खोके पत्ता न सापडल्याने परतते, ते प्रेषकाच्या सहा आकड्यांच्या आधारे. त्या आकड्यांचे वय वाशीम जिल्ह्याहून जास्त आहे!

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढच्याच वर्षी देशांतर्गत पत्राचा दर अंतराऐवजी वजनावर ठरू लागला. १८७६ मध्ये भारत जागतिक टपाल संघात आला आणि परदेशी टपालाला एक सामाईक नियमावली लाभली.

शासनाचे नकाशे मात्र बदलत राहिले. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तेव्हाही वाशीम अकोल्यातच होते. पिनचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांनी आधार घेतला तो टपालाच्या वर्गवारीचा. म्हणूनच अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१ आणि वाशीम ४४४५०५ एकाच ४४४ खाली नांदतात.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पिन तोच राहिला. जुन्या सवयीने कोणी ‘जि. अकोला’ लिहिले, तरी खोके वाशीमच्याच टपाल कार्यालयात येते.