‘हलाल’चे हाल

खटाव-माणकडचा किंवा तासगाव-जतकडचा माणूस ‘मुलाण्यानं बकरं हलाल केलं’ म्हणतो, तेव्हा त्याला बकरं रीतीप्रमाणे कापलं एवढंच सांगायचं असतं. गावगाड्यात हे काम मुसलमान मुलाण्याकडेच असे. जत्रा हिंदूंची, देव हिंदूंचा, पण सुरी मुलाण्याची, आणि कापण्याबद्दल बकऱ्यातला ठरलेला वाटा त्याचा. यात कुणाला वावगं वाटत नसे. पण एखाद्याला छळून छळून संपवलं की त्यालाही आपण ‘हलाल केलं’ म्हणतो. रीतीच्या शब्दात हा छळ कुठून आला?

अरबीत हलाल म्हणजे विहित, धर्माने मोकळीक दिलेलं. त्या धातूचा एक अर्थ गाठ सोडणे असाही आहे. मराठीने हा चांगला अर्थ ‘निमकहलाल’मध्ये जपला. छळाचा अर्थ मात्र, माझ्या मते, शेजारच्या शब्दांकडून लागला. ‘हाल’ हाही अरबीच, पण धातू वेगळा. त्याचा अर्थ नुसता ‘स्थिती’. ‘हालहवाल’मध्ये तो अजून तसाच शाबूत आहे. मराठीत तो अनेकवचनी झाला आणि दुःखात पडला: हाल झाले, हाल काढले, हालहाल करून मारलं. तिसरा शब्द ‘हलाखी’. त्याच्या मुळाशी ‘हलाक’, म्हणजे नाश. अरबीत या तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. ‘हलाक’मधला ‘ह’सुद्धा निराळा. मराठीच्या तोंडी सगळे ‘ह’ सारखेच, त्यामुळे तिघं एका घरात राहायला आले आणि भावंडांसारखे दिसू लागले.

गंमत अशी, की मूळ रीतीत जनावराच्या वेदनेचा विचार आहेच. सुरी धारदार हवी, जनावरासमोर तिला धार लावू नये, एकाच्या देखत दुसरं कापू नये, ही शिकवण हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, आणि त्यांवर आधारलेल्या धर्मशास्त्रात आहे. आपल्या 2001 च्या कत्तलखाना नियमांतही एका जनावराच्या नजरेसमोर दुसरं कापायला बंदी आहे. 

‘कसाई’चं नशीब याहून वाईट. तो अरबी ‘कस्साब’ म्हणजे कापणारा यावरून आला असं मानतात. हुन्नर या अर्थाचं ‘कसब’ दिसायला त्याचं सख्खं वाटतं, पण तो धातू वेगळा, कमाईचा. आपण ‘कसाई’चा अर्थ निर्दय असा करून टाकला. ‘कसायाला गाय धार्जिणी’ या म्हणीत तो पुरता अडकला आहे. संस्कृत कोशांतल्या ‘खट्टिक’वरून आलेला ‘खाटीक’ मात्र धंद्याचं नाव म्हणूनच टिकला. काम तेच, हत्यार तेच.

देवाच्या बाजूचे शब्द पाहावेत तर तिथे जनावर दिसतच नाही. नवसाचं बकरं कापून जे जेवण घालतात ती ‘कंदुरी’. फारसीत कंदुरी म्हणजे जेवायला अंथरायचं कापड. गोडा निवद पुरणपोळीचा, ‘खारा निवद’ मटणाचा. म्हणजे जनावराची नुसती चव उरली. ‘बळी’ हा तर मुळात अर्पण किंवा कर. पुढे जे अर्पण करायचं ते जनावरच बळी झालं, आणि आता अपघातात मेलेली माणसंही बळी. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. न्या. राजन कोचर आयोगाची चौकशी झाली. डोंगरावरच्या पशुहत्येवर बंदी आली. ज्या यात्रेत बोकड बळी जात, तिच्या बातमीत माणसांसाठीही दुसरा शब्द नव्हता.

वेदनेबद्दल खरं बोलणारी मला एकच म्हण दिसते: शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. ती माणसांच्या कृतघ्नतेसाठी वापरतात, पण शब्दशः घेतली तरी चूक नाही. बाजारातून टेम्पोत कोंबलेलं, उपाशी, घाबरलेलं जनावर आपल्या स्नायूंतली साखर आधीच जाळून बसतं. मग मेल्यावर मांसात व्हायला हवं तेवढं आम्ल तयार होत नाही आणि मांस काळपट, कोरडं पडतं, लवकर नासतं. गळ्याच्या मोठ्या रक्तवाहिन्या नीट कापल्या गेल्या तर शेळीमेंढीची शुद्ध काही सेकंदांत हरपते. गुरांना जास्त वेळ लागतो, कारण त्यांच्या मेंदूला मणक्यांतल्या धमन्यांतूनही रक्त पोचत राहतं. हलाल की झटका, म्हणजे एका घावात मारणं, यावर आपण तावातावाने भांडतो ते या शेवटच्या क्षणांवरून. त्याआधीच्या टेम्पोतल्या तासांसाठी आपल्याकडे भांडण नाही आणि शब्दही नाही. 1960 चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा धर्मरीतीने मारण्याला सूट देतो; कोंबून नेण्याला देत नाही.

कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करण्यालाही घरचा शब्द नाही. डॉक्टर देतात ती ‘भूल’ वापरता येईल, पण ती खाटकाच्या तोंडी मी ऐकलेली नाही. कापण्याआधी जनावराला विसावा देणं, चारा-पाणी दाखवणं, दुसऱ्यांपासून आडोशाला नेणं, यांसाठी जत, आटपाडी, माण, खटावच्या मेंढपाळांत, मुलाण्यांत किंवा खाटकांत एखादा जुना शब्द चालत असेल, तर वाचकांनी तो गावाच्या नावासह जरूर कळवावा.