तुमच्या किराण्याच्या यादीमागे रोह्याचा माणूस

आजचा विषय घरखर्च. घाबरू नका, बचतीचं ॲप विकायला आलेलो नाही.

१८५७ साली अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे हिशोब तपासले. त्याला दिसलं, की घर जेवढं गरीब, तेवढा खाण्यावरच्या खर्चाचा वाटा मोठा. कमाई वाढली की खाण्यावरचे पैसे वाढतात, पण वाटा घटतो. चिमुकल्या देशातल्या वह्यांवरून निघालेला हा नियम आजही जगभर वापरतात.

आपल्याकडे असं मोजमाप १९५० मध्ये सुरू झालं, नॅशनल सॅम्पल सर्व्हेतून. कल्पना महालनोबिस यांची. तेव्हा अर्थमंत्री होते सी. डी. देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण बरंचसं आपल्या रोह्यात! मी पेणचा, त्यामुळे हे सांगताना कॉलर जरा ताठ होतेच.

आता आकडे बघा. १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतात १०० रुपयांतले ५९ खाण्यावर जायचे. २०११-१२ मध्ये ५३. २०२२-२३ मध्ये ४६. पुढच्या वर्षी किंचित वाढून ४७. तांदूळ-गहू वगैरे धान्याचा वाटा तर २२ टक्क्यांवरून ५ च्या खाली आला. रेशनचं फुकट धान्य हेही त्यामागचं एक कारण, कारण त्याची किंमत या आकड्यांत धरलेली नाही. उलट चहा-कोल्ड्रिंक, बिस्किटं, बाहेरचं खाणं मिळून साडेनऊ टक्क्यांच्या वर. म्हणजे धान्याच्या जवळपास दुप्पट!

पण २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ का? मधे २०१७-१८ चा सर्व्हे झाला होता. डेटाच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने २०१९ मध्ये तो जाहीर न करायचं ठरवलं. अकरा वर्षांचं भगदाड पडलं.

याने आपलं काय बिघडतं? महागाई मोजताना कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं, ते याच सर्व्हेतून ठरतं. त्यामुळे मोबाईल रिचार्ज आणि पेट्रोलच्या जमान्यातही वजनं २०११-१२ चीच चालत राहिली. त्या महागाईकडे बघून रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवते, आणि त्यावर आपल्या बाईकचा किंवा घराचा हप्ता. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू, पण कॉन्फिग फाईल दशकभर जुनी. योगायोग बघा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरही देशमुखच.

हा सर्व्हे राज्याचा आकडा देतो, पेण-रोह्याचा वेगळा नाही. गणपतीच्या कारखान्यात हंगामात कमावणारं घर आणि धाटाव एमआयडीसीत महिन्याच्या पगारावर चालणारं घर, दोघं एकाच सरासरीत जातात. म्हणून एक काम करा. गेल्या महिन्याचं यूपीआयचं स्टेटमेंट काढा, आईने रोख केलेला खर्च त्यात मिळवा, आणि खाण्याचा वाटा किती ते काढा. ४७ च्या वर की खाली?

कमेंटमध्ये फक्त आकडा लिहा. भेटू पुढच्या भागात!