नियमगिरी : डोंगरिया कोंध समाजाची निसर्गरक्षणाची परंपरा

ओडिशातील रायगडा आणि कलाहांडी जिल्ह्यांत नियमगिरीची डोंगररांग पसरली आहे. डोंगरिया कोंध या आदिवासी समाजाचे येथे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य आहे. विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये या समाजाचा समावेश होतो. हे लोक स्वतःला ‘झरनिया’, म्हणजेच झऱ्यांकाठी राहणारे, असेही म्हणवून घेतात.

नियम घालून देणारा ‘नियमराजा’ डोंगरमाथ्यावर वास करतो, अशी या समाजाची श्रद्धा आहे. त्यामुळे माथ्यावरील जंगल तोडले जात नाही. उतारावर भरड धान्ये, हळद व अननस यांची लागवड केली जाते, तर जंगलातून कंदमुळे, फळे आणि औषधी वनस्पती मिळतात.

या श्रद्धेमागे जलसंधारणाचे मोठे कार्य दडले आहे. माथ्यावरील बॉक्साइटचे सच्छिद्र थर पावसाचे पाणी शोषून घेतात आणि ते हळूहळू झऱ्यांवाटे सोडतात. वंशधारा नदीला येथील झऱ्यांचे पाणी मिळते. ॲल्युमिनियम उद्योगाला हवे असलेले खनिज नेमके हेच होते.

येथील प्रस्तावित खाणीला केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ऑगस्ट 2010 मध्ये अंतिम वनमंजुरी नाकारली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वन हक्क कायदा, 2006 नुसार स्थानिकांच्या धार्मिक व सामूहिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी दिला. त्यानुसार जुलै आणि ऑगस्ट 2013 मध्ये जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकांच्या उपस्थितीत 12 गावांत ग्रामसभा झाल्या. बाराही ग्रामसभांनी खाणीला विरोध केला. जानेवारी 2014 मध्ये मंत्रालयाने प्रकल्पाला अंतिम नकार दिला. ग्रामसभा पुन्हा घेण्याची मागणीही 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

याच कायद्यान्वये महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला होता. तेथे हक्काची नोंद झाली. नियमगिरीत त्या हक्काचा कस लागला. ज्या रूढीने डोंगराचे पाणी राखले, तिला बारा ग्रामसभांच्या ठरावांनी कायद्याचे बळ मिळवून दिले. नियमगिरीचे महत्त्व यातच आहे.