सोनखत

शहररचनेच्या पुस्तकांत पॅट्रिक गेडिस हे मोठं नाव. मूळचा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ. 1914 ला हिंदुस्थानात आला, शहरं पायी हिंडला, 1919 ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. प्लेगच्या नावाखाली साहेबलोक वस्त्यांवरून सरळ रस्ते फिरवत होते. हा म्हणाला, घरं पाडू नका. उठवलेली माणसं शेजारच्याच गल्लीत कोंबली जातात. थोडी छाटणी करा, झाड राखा, विहीर राखा. त्या काळात हे बोलायला धमक लागत होती. तेव्हा त्याला उगाच झोडपायचं नाही.

पण इंदूरचं बघू. होळकरांचं इंदूर, बाबासाहेबांचं जन्मगाव महू तिथून जवळच. प्लेग-मलेरियानं शहर पोखरलेलं. दरबारानं गेडिसला बोलावलं, 1918 ला त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. दिवाळीत त्यानं मिरवणूक काढली. ज्या रस्त्यावरची घरं जास्त साफ, त्या रस्त्यानं मिरवणूक जाणार. मग काय, घरोघर झाडलोट, रंगरंगोटी! मिरवणुकीत मेहतर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हार घातलेले. शेवटी घाणीचा राक्षस जाळला. ज्यांची सावली चुकवायची त्यांना भररस्त्यात मान. एक दिवस. दुसऱ्या दिवशी परत पाटी.

कारण त्याच गेडिसचं आणखी एक म्हणणं होतं. जमिनीखालची गटारं महाग, पाणी वाया जातं, नदी नासते. मैला मातीचा आहे, तो मातीला द्या, बागा फुलवा. आपल्याकडं ह्या खताला सोनखत म्हणतात. शास्त्र म्हणून यात चूक काढता येत नाही. आजचे शाश्वत शहरवाले वेगळं काय सांगतात? पण संडासातून बागेपर्यंत हे सोनं चालत जात नाही. टोपलीतून, डब्यातून, गाड्यातून जातं. उचलणारा कोण, हे कुठल्या नगररचनाकाराला ठरवावं लागलं नाही. ते मनूनं आधीच ठरवून ठेवलेलं.

म्हणून आमच्या लेखी जमिनीखालचं गटार म्हणजे नुसती उधळपट्टी नाही. डोक्यावरची पाटी उतरवायची ती एक वाट होती. कायदा मात्र 1993 ला आला, पुन्हा 2013 ला. तोवर पाइपातही जात उतरली होती. पाटी गेली आणि मॅनहोल आलं. आत गॅस, वर मुकादम. गटारात मेलेल्या माणसामागं 10 लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं 2014 ला सांगितलं. 2023 ला 30 लाख केले. रक्कम वाढवावी लागली यावरूनच कळतं, माणसं उतरायची थांबली नव्हती.

आणि इंदूर? 2017 पासून 2023 पर्यंत लागोपाठ देशातलं सर्वात स्वच्छ शहर ठरलं. 2022 ला तिथं रोजच्या 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा कारखाना सुरू झाला. म्हणजे मातीचं मातीला देणं यंत्रानं जमतं, पैसा टाकायची तयारी असली की. मैल्यासाठी हीच तयारी कुठं अडते, ते नगरपालिकांना विचारायला पाहिजे. विचारायला जाल तेव्हा दोन याद्या मागून घ्या. स्वच्छतेचं बक्षीस घ्यायला स्टेजवर चढणाऱ्यांची एक, आणि पहाटे कचऱ्याच्या गाडीवर उभे राहणाऱ्यांची एक. शेजारी ठेवा आणि आडनावं वाचा.